शिवोलीची कॅसेट

म्हापशाला माझी मावशी राहत असे. दर मे महिन्यात आम्ही भावंडे बेळगावहून तिच्याकडे जायचो आणि मिरग लागायच्या आत फणसाची साटे, कोकमे आणि सोललेल्या काजूंची पुरचुंडी घेऊन परतायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, तरी हा शिरस्ता मी मोडला नाही. १९८५ च्या मे महिन्यात असाच गेलो होतो. दुपारी मावसभाऊ दुकान बंद करून जेवायला आला तो खिशातून एक कॅसेट काढीतच. हातपाय धुण्याआधी त्याने ती टेपरेकॉर्डरात घातली आणि मला म्हणाला, "ऐक. सगळी वाद्यं ह्या एकट्यानं वाजवलीत. घरात बसून."

इंग्रजी गाण्यांचे मला वावडे नव्हते. बेळगाव हे कँपाचे गाव. लष्करी बँड आणि मिशनची शाळा यांच्या सावलीत आम्ही वाढलो. पण हे गाणे ऐकताना काहीतरी चुकल्यासारखे वाटले. इंग्रजी तर होते, पण ते लंडनचे नव्हते, अमेरिकेचे नव्हते आणि मुंबईच्या हॉटेलात टाय लावून गाणाऱ्या मंडळींचेही नव्हते. गाणारा थट्टा करत होता आणि ज्यांची थट्टा करत होता ती माणसे मला खिडकीतून दिसत होती. स्वयंपाकघरातून मावशी आली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. क्षणभर उभी राहून ऐकले आणि म्हणाली, "आमचोच भुरगो तो, शिवोलेचो."

कॅसेटचे नाव 'गोवन क्रेझी'. गायक, कवी, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक आणि वेष्टनावरच्या चित्राचा चित्रकार, सगळे एकच: रेमो फर्नांडिस. कॅसेट आदल्या वर्षी, १९८४ साली निघाली होती. आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गोवाभर फिरून तो स्वतः ती दुकानांदुकानांत पोचवतो, हेही मावसभावाने मोठ्या कौतुकाने सांगितले.

मी मात्र त्या दुपारी नीट जेवलो नाही. त्याचे कारण सांगायचे तर दोन वर्षे मागे जायला हवे. १९८३ साली मी स्वतःच्या गाण्यांची वही घेऊन मुंबईला गेलो होतो. आमच्या गल्लीच्या गणपतीत बसवलेली चौदा गाणी, गिटारवर म्हणायची. एका कंपनीतल्या गृहस्थांनी दोन गाणी ऐकली. चाल बरी आहे म्हणाले. मग वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे 'येऊलाय' काय आहे?" मी म्हटले, 'येतोय'. ते म्हणाले, "मग 'येतोय' लिहा ना. हे कानडी वळण काढून टाका, मग बघू." बेळगावकरांना सांगायला नको की आम्ही घरात 'येऊलाय'च म्हणतो. मी परतीच्या गाडीत पेन काढून दुरुस्ती केली. एक मात्रा कमी भरली आणि चाल लंगडी झाली. पुन्हा मी मुंबईला गेलो नाही. म्हणून त्या दुपारी, माझ्यापेक्षा थोड्याच वर्षांनी थोरला असलेला एक माणूस पलीकडच्या गावात घरी बसून, कोणालाही न विचारता, आपल्या गावच्या तऱ्हेने गातो आहे, हे ऐकताना घास घशाखाली उतरेना. तेव्हापासून या माणसाच्या सुरुवातीच्या दिवसांचा मी जरा जास्तच पाठपुरावा केला. (वयाने थोरला असला तरी त्याला मी 'तो'च म्हणणार. गाणाऱ्यांना आपण एकेरीच हाक मारतो.)

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा. गाव शिवोली, बार्देश तालुक्यातले, चापोरा नदीच्या काठचे. म्हापशाहून सात-आठ किलोमीटर. सांजावला, म्हणजे २४ जूनला, या गावात नदीत होड्या सजवून आणतात आणि पोरे विहिरींत उड्या घेतात. याच गावात हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागर करतात. गाणे-बजावणे हे त्या मुलखात कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. तरी शिकवलेही जात असे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या जोडीला असलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. मराठी घरातले पोर जसे रामरक्षा पाठ करते तसे ते पोर सोल्फेज पाठ करी.

रेमो सात वर्षांचा असताना एका नातलगाने लंडनहून बिल हेलीच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'ची तबकडी आणली, आणि त्याच्या कानाला रॉक संगीत लागले ते असे. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहा: राज्यकर्ते बदलले, नाणी बदलली, शाळेत पोर्तुगीजच्या जागी इंग्रजी आली. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे यावर सार्वमत झाले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. मोठी माणसे दोन पाने आणि फूल घेऊन भांडत होती, आणि ही पोरे एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड आणि बीटल्स ऐकत होती. शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने 'द बीट फोर' नावाचा चौघांचा ताफा काढला. त्या काळी अशा ताफ्यांच्या स्पर्धा होत. त्यात त्यांनी बक्षिसेही मिळवली. त्याच वर्षांत कळंगुट-हणजुणच्या किनाऱ्यांवर हिप्पी येऊ लागले होते. शिवोलीहून हणजुण सायकलच्या अंतरावर. जगातली बरीच नवी गाणी त्यांच्या पाठपिशव्यांतून येत होती.

मग मुंबई. सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात तो वास्तुशास्त्र शिकला आणि त्या वर्षांत 'द सॅव्हेजेस' या तेव्हाच्या नावाजलेल्या रॉक ताफ्यात वाजवू लागला. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण मुंबई आणि गोव्याचा गळा यांचे नाते जुने आहे आणि ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

गोव्याने सूर द्यायचा आणि मुंबईने नाव द्यायचे, ही जवळजवळ शंभर वर्षांची रीत. आपल्या मराठी बाजूने पाहिले तर केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ आणि अभिषेकी मंगेशीचे. सगळ्यांना घाट उतरून किंवा बोटीने जावे लागले तेव्हा कुठे नाव झाले. ख्रिस्ती बाजूची कथा निराळी नाही. कोकणी तियात्र आपण गोव्याचे समजतो, पण त्याचा पहिला प्रयोग १८९२ साली झाला तो मुंबईत. साठ-सत्तरच्या दशकांत ख्रिस पेरी आणि लोर्ना यांनी कोकणी गाण्यात जी नवी नशा आणली ती मुंबईच्या क्लबांतून आणि मुंबईच्या स्टुडिओंतून आली. हिंदी चित्रपटांचे तर काय सांगावे? शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो भरघोस वाद्यमेळ मांडणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचे नाव गाजले, पण ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? स्वरलिपी यांना वाचता येई, संगीत दिग्दर्शकांना बहुधा येत नसे. तरी पडद्यावर नाव दिग्दर्शकाचे. तबकडीवर यांची जागा फार तर एखाद्या कोपऱ्यात.

कुमार गंधर्वांचा जन्म आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. ते लहानपणीच मुंबईला शिकायला गेले हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

हा रस्ता रेमोपुढे तयार होता. पदवी हातात, मुंबईत ओळखी, नावाजलेला ताफा. पण १९७७ मध्ये तो निघाला तो युरोपला. त्यानंतरची तीनएक वर्षे त्याने युरोप आणि उत्तर आफ्रिकेत काढली. रस्त्यावर अंगठा दाखवून मिळेल त्या गाडीने प्रवास, रस्त्यात उभे राहून गाणे, निरनिराळ्या देशांतल्या वादकांबरोबर वाजवणे. पॅरिसमध्ये १९७९ साली 'रॉक सिनर्जी' नावाची एक तबकडीही निघाली. गिटारवाला मुलगा पॅरिसपर्यंत पोचला की आपल्याकडे हार घालायची तयारी सुरू होते. हा मात्र १९८० च्या सुमारास परतला आणि सरळ शिवोलीला येऊन राहिला. ल्युसिओ मिरांडा वगैरे मित्रांबरोबर 'इंडियाना' नावाचा ताफा केला, त्यात भारतीय आणि पाश्चात्य संगीत एकत्र आणायची खटपट होती. ते काही फार टिकले नाही. पुढे एकट्याचेच काम सुरू झाले.

ते काम ज्या यंत्रामुळे शक्य झाले त्याविषयी सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या कथेचा अर्धा भाग तिथे आहे. कॅसेटची फीत आपण सर्वांनी पाहिली आहे. पेन्सिल घालून गुंडाळलीही आहे. त्या अरुंद फितीवर ध्वनीचे चार पट्टे असतात. दोन पहिल्या बाजूचे, दोन कॅसेट उलटल्यावर वाजणारे. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र काढले. त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने आणि एकेक स्वतंत्र वापरता येत, आणि फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरे म्हणजे आवाज अधिक स्वच्छ उतरे. कॅसेट उलटायची सोय राहत नाही, पण त्या बदल्यात मिळते ते केवढे! पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवून भरायची, ती कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकत दुसऱ्यावर ढोल भरायचा, तिसऱ्यावर बासरी. मग हे तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन पुन्हा मोकळे करायचे. त्यांवर आणखी वाद्ये, आणखी आवाज. एकट्या माणसाचा अख्खा ताफा उभा राहतो.

यात मेख आहे. दर वेळी उतरवताना फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. ढोल जरा मोठा झाला असे दुसऱ्या दिवशी वाटले तरी उपाय नाही, सगळे पहिल्यापासून. म्हणजे गाणे कसे वाजणार हे आरंभीच डोक्यात पक्के असावे लागते. वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाला हे जमले यात मला नवल वाटत नाही. तिसरा मजला बांधून झाल्यावर पाया बदलता येत नाही, हे त्याला कॉलेजातच शिकवले होते.

याच जातीच्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या घरात काही गाणी कच्ची म्हणून भरली. नंतर मोठ्या स्टुडिओत ताफ्यासह पुन्हा करून पाहिली, पण ती रंगेनात. तेव्हा ती कच्ची कॅसेटच त्याच वर्षी 'नेब्रास्का' नावाने बाहेर आली. त्याची जगभर वाखाणणी झाली. स्प्रिंगस्टीनच्या पाठीशी कंपनी होती, नाव होते. शिवोलीच्या घरात बसलेल्या रेमोजवळ यंत्र होते, बोटांत पाच-सहा वाद्ये होती आणि दाराशी स्कूटर.

त्या काळी आपल्या देशात इंग्रजी गाणारे ताफे पुष्कळ होते. ते बहुतेक परक्यांचीच गाणी वाजवत, आणि जितकी हुबेहूब वाजवतील तितकी टाळी मोठी. स्वतःचे गाणे स्वतः लिहून गाणारा दुर्मीळ; त्यातही आपल्या गावाविषयी लिहिणारा आणखी दुर्मीळ. 'गोवन क्रेझी' हे नावच घ्या. इंग्रजीत 'वेड लागत चालले आहे' असे घाईत म्हटले की जो उच्चार होतो तोच 'गोवन'. म्हणजे गोवेकर वेडे झाले असेही, आणि मला वेड लागायची पाळी आली असेही. हा श्लेष इंग्रजीवाचून होत नाही, आणि गोवेकरावाचून तो कोणाला सुचायचाही नाही. मोरोपंत वाचलेल्या माझ्यासारख्याला श्लेषाचे अप्रूप. मी तर या दोन शब्दांवरच खूश झालो होतो.

पुढच्याच वर्षी, १९८५ साली, 'ओल्ड गोवन गोल्ड' आली. 'जुने ते सोने' या म्हणीवरची ही पुन्हा एक कोटी, पण आत होती खरीच जुनी गाणी. आज्या-पणज्यांच्या ओठांवरची कोकणी आणि पोर्तुगीज गाणी नव्या वाद्यमेळात बसवलेली. ही कॅसेट मावशीनेही पुन्हा पुन्हा लावून घेतली. तिच्या देवघरातला गोवा या कॅसेटींमध्ये फारसा नव्हता. दिंडी नव्हती, शिगम्याचे रोमटामेळ मला तरी कुठे ऐकू आले नाहीत. हे मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो. मावसभाऊ त्यावर म्हणाला, "त्याच्या वाड्यावरचं त्यानं गायलं. आमच्या वाड्यावरचं कोण गाणार?" मी गप्प बसलो. माझी वही बेळगावला ट्रंकेत होती.

१९८५ मध्येच श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' आला. १९६१ च्या गोव्यातली गोष्ट, चित्रीकरण लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात. संगीत वनराज भाटियांचे, आणि गोव्याच्या गाण्याला गळा रेमोचा. मुंबईचे लोक आता गोव्यात येऊन त्याला शोधू लागले होते. १९८६ साली गर्दच्या व्यसनाविरुद्धची 'पॅक दॅट स्मॅक' निघाली; त्याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात त्याने पारितोषिके मिळवली. राजीव गांधी गोव्यात आले असताना त्यांच्यासमोर त्याने त्यांना सरळ नावाने हाक मारणारे गाणे म्हटले. पंतप्रधानांशी अशी सलगी केल्याबद्दल वृत्तपत्रांतून टीका झाली. खुद्द राजीव गांधींनी मात्र गाणे आवडल्याचे पत्राने कळवले. आमच्याकडे आमदाराच्या सत्काराला स्वागतगीत म्हणतात त्यात विशेषणेच एवढी असतात की चालीला जागा उरत नाही, तेव्हा मला तरी ते गाणे पथ्यकर वाटले.

पण त्याच १९८६ च्या डिसेंबरात गोव्यात भाषेवरून माणसे मारली गेली. राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद रस्त्यावर उतरला होता. त्या नाताळात मी म्हापशाला जाऊ शकलो नाही. मावशीच्या घरात बोलणे कोकणीत, वाचणे मराठीत, आरत्या मराठीत, भांडणे कोकणीत. त्या घराला कोणत्या फळीत उभे करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मावसभाऊ एका बाजूला, त्याचा सख्खा धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूला. दोघे चार महिने एका पंगतीला बसले नाहीत. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला: कोकणी राजभाषा, मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाले. सीमाभागात राहून या गोष्टींवर मी अलिप्तपणे बोलावे अशी अपेक्षा कोणी करू नये. आमची दुकानांवरच्या पाट्यांची भांडणे तेव्हाही चालू होती आणि अजून चालू आहेत.

मे महिन्यात गेलो तेव्हा मावशीने सांगितले की दोघा भावांमधला पहिला संवाद त्या कॅसेटवरून झाला. फीत टेपरेकॉर्डरात अडकली होती, धाकट्याने थोरल्याला हाक मारली, "दादा, पेन्सिल हाड रे." इंग्रजी गाण्याची कॅसेट. दोन्ही बाजूंचे व्याख्याते जिला परकी म्हणत होते त्या भाषेतली.

त्याच १९८७ मध्ये पंकज पराशरांच्या 'जलवा' चित्रपटाचे शीर्षकगीत रेमोच्या आवाजात देशभर वाजले, आणि आमच्या बेळगावच्या रिक्षांतूनही वाजू लागले. तिथून पुढचा रेमो सर्वांच्या परिचयाचा आहे. १९९५ च्या 'बॉम्बे'तले 'हम्मा हम्मा' लहान पोरांनाही पाठ होते. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये आत्मचरित्र आले. पुढच्या गाण्यांत मला तेवढा रस राहिला नाही हे कबूल करतो. आवाज मोठा झाला, वाद्ये चकचकीत झाली, आणि त्या चार पट्ट्यांच्या फितीतली खरखर निघून गेली. मला ती खरखर आवडे. ती ऐकली की घराच्या भिंती दिसायच्या.

मावशी गेली. मावसभावाने गेल्या वर्षी दुकान मुलाकडे दिले आणि माळा आवरताना सापडलेली ती कॅसेट मला पाठवून दिली. वाजवायला यंत्र नाही. ती ठेवण्यासाठी मी जुनी ट्रंक उघडली तेव्हा वही हाताला लागली. चौदा गाणी. नवव्या गाण्यात 'येऊलाय' वर निळी काट मारलेली आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'येतोय'. गाडी हलत होती, त्यामुळे अक्षर वाकडे आले आहे. नातू गिटार शिकतो. त्याला ते पान दाखवले. त्याने दोन्ही शब्द एकेकदा गुणगुणून पाहिले आणि विचारले, "अज्जा, हे खोडलंस कशाला?"